मॅलगा: कागदावर उठवलेली वस्ती

अमेरिकेच्या नकाशात अगदी वर, उजव्या कोपऱ्यात, कॅनडाला खेटून मेन नावाचं राज्य आहे. त्याचा किनारा उंदराने कुरतडलेल्या कापडासारखा आहे. जिकडेतिकडे खाड्या, भूशिरं आणि हजारो लहानमोठी बेटं. त्यातलंच एक मॅलगा. स्पेनमधल्या शहराचं स्पेलिंग हेच, पण इथले लोक 'मॅलगा' म्हणतात. क्षेत्रफळ साधारण ४२ एकर. न्यू मेडोज नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, फिप्सबर्ग गावाच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आज तिथे कोणी राहत नाही. १९१२ नंतर कोणी राहिलेलंच नाही. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं तिथे एक वस्ती होती. शेवटी शेवटी पंचेचाळीसच्या आसपास माणसं असतील. काही काळी, काही गोरी, बरीचशी दोन्हींची मिळून झालेली.

ही वस्ती उठवायला दंगल झाली नाही, गोळी चालली नाही. कागद फिरले. आणि त्यातले बरेचसे कागद त्या काळच्या कायद्यात व्यवस्थित बसणारे होते. राग यायला एखादा खलनायक सापडतो, त्याने गोष्ट सोपी होते. इथे एक राज्यपाल आहे तसा, पण त्याच्या आधी पंधरावीस वर्षं बरीच साधी, आपापलं काम करणारी माणसं या बेटाच्या मागे लागली होती.

सुरुवात बेंजामिन डार्लिंग या माणसापासून करतात. तो आधी गुलाम होता, नंतर मुक्त झाला. बुडत्या जहाजातून मालकाचा जीव वाचवला म्हणून सुटका मिळाली, असं सांगतात. आपल्याकडे वतनं कशी मिळाली याच्या गोष्टी असतात, त्या जातीची ही गोष्ट. खरीखोटी देव जाणे. १७९४ साली मात्र त्याने मॅलगाच्या शेजारचं हॉर्स बेट विकत घेतलं. त्याची बायको गोरी होती. मुलंनातवंडं आसपासच्या बेटांवर पसरली, गोऱ्या मासेमार घरांशी सोयरिकी झाल्या आणि १८६० च्या दशकात त्याच वंशातली काही घरं मॅलगावर येऊन राहिली.

या सोयरिकी कायद्याने मात्र लग्नं नव्हती. मेन उत्तरेतलं राज्य, गुलामगिरीच्या विरोधातलं, म्हणून आपली समजूत अशी असते की तिथे सगळं ठीक असेल. पण १८२१ मध्येच तिथे गोऱ्या आणि काळ्या माणसांचं लग्न रद्दबातल ठरवणारा कायदा होता आणि तो १८८३ पर्यंत टिकला. म्हणजे मॅलगावरच्या कित्येक जोडप्यांचा संसार सरकारी नोंदीत संसारच नव्हता. पुढे वर्तमानपत्रांनी बेटावरच्या 'अनैतिक' जगण्याबद्दल रकानेच्या रकाने भरले, तेव्हा त्या अनीतीतली बरीचशी कायद्यानेच तयार केलेली होती, हे लिहायला कोणाला सुचलं नाही.

लोक जगत कसे होते? किनाऱ्यावरचे बाकीचे गरीब जगत होते तसेच. मासे धरायचे, शेवंडीचे पिंजरे टाकायचे, ओहोटीला चिखलातून तिसऱ्या उकरायच्या. उन्हाळ्यात पलीकडच्या शेतांवर मजुरी. काही बायका मुख्य भूमीवरच्या लोकांचे कपडे धुऊन द्यायच्या. घरं साधी, लाकडी. काही नीट बांधलेली, काही खोपटीवजा. ती बांधायला जागा निवडली होती ती फार शहाणपणाची. त्या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे थर बेटाच्या उत्तर टोकाला साचले होते. शिंपल्यांवर पाणी थांबत नाही, चिखल होत नाही. घरं त्याच थरांवर उभी राहिली. याचा एक फायदा शंभर वर्षांनी झाला, तो पुढे येईल.

जमिनीचा कागद मात्र कोणाकडे नव्हता. आपल्या भाषेत, सातबाऱ्यावर नाव नाही. त्या काळी मेनच्या बेटांवर असं राहणारे पुष्कळ होते. खडकाळ बेट, पीक येत नाही, गोडं पाणी जेमतेम. कोण राहतो याची मालकालाही फिकीर नसे. जोवर जमिनीला भाव नाही तोवर अतिक्रमण हा शब्द कोणी काढत नाही.

आता पहिला कागद. हा जरा तपशिलात सांगायला हवा, कारण सगळ्याची मुळी तिथे आहे.

न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मेनसह अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत गरिबांना मदत करण्याची पद्धत जुन्या इंग्लिश कायद्यातून आलेली होती. प्रत्येक गावाने आपल्या गरिबांना पोसायचं. कोणी आजारी पडलं, हिवाळ्यात घरात पीठ संपलं, तर गावाने नेमलेले अधिकारी पीठ, लाकूडफाटा, औषध देणार आणि खर्च गावच्या करातून होणार. ऐकायला चांगलं वाटतं. पण यातून एक गोष्ट आपोआप होते: गरीब माणूस 'आपला' आहे की 'त्यांचा', हा पैशाचा प्रश्न बनतो. रेल्वे रुळावर प्रेत सापडलं की दोन पोलीस ठाणी 'हद्द आमची नाही' म्हणून तास तास घालतात ना, तसंच. इथे फक्त माणसं जिवंत होती.

मॅलगा पडलं फिप्सबर्ग आणि हार्प्सवेल या दोन गावांच्या मध्ये. १८९० च्या दशकात मासेमारीचं उत्पन्न घसरलं, बेटावरच्या काही घरांना मदत लागू लागली, आणि दोन्ही गावांनी हात वर केले. वाद विधिमंडळापर्यंत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकदा बेट फिप्सबर्गच्या गळ्यात बांधण्यात आलं. गावाने आरडाओरडा करून तो निर्णय फिरवून घेतला. शेवटी १९०५ च्या सुमारास मॅलगा कुठल्याच गावाचं नाही आणि तिथली माणसं राज्य सरकारची आश्रित, असं ठरलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मदत सरकारकडून येणार, हे वरवर पाहता बरंच झालं. पण ज्या व्यवस्थेत गावाची सभा हेच लोकशाहीचं पहिलं पाऊल आहे, तिथे ही माणसं कुठल्याच गावाची राहिली नाहीत. त्यांच्या बाजूने सभेत उभं राहून बोलणारं कोणी उरलं नाही. त्यांच्या पिठाचा हिशोब आता राजधानीत होऊ लागला, जिथे त्यांना कोणी पाहिलंही नव्हतं. मदत घेणारी गोरी घरं त्या किनाऱ्यावर इतरत्रही होती. त्यांना कोणी राज्याच्या नावे करून टाकलं नाही.

याच वर्षांत किनाऱ्याचा भाव बदलत होता. लाकडी जहाजं बांधण्याचा धंदा बसला होता, मासेमारी खालावली होती, आणि बोस्टन, न्यू यॉर्ककडचे पैसेवाले लोक उन्हाळ्यात हवापालटाला मेनकडे येऊ लागले होते. आगबोटी सुरू झाल्या, हॉटेलं उघडली, समुद्राकाठी बंगले उठले. कालपर्यंत कोणी ढुंकून न पाहिलेल्या बेटांना गिऱ्हाईक मिळू लागलं. बंगल्याच्या व्हरांड्यातून निळं पाणी आणि हिरवी झाडं दिसावीत अशी अपेक्षा असते. पलीकडच्या काठावर वाळत घातलेल्या चिंध्या आणि काळीसावळी पोरं दिसली की तक्रार सुरू होते.

वर्तमानपत्रांना तर खाद्यच मिळालं. बेटावरचे लोक आळशी, व्यसनी, आपसातच लग्नं लावणारे, जवळजवळ रानटी, असं छापून येऊ लागलं. जेम्स मॅकेनी नावाचा एक चांगला मासेमार होता, बेटावर त्याच्या शब्दाला मान होता. बातमीदारांनी त्याला 'मॅलगाचा राजा' करून टाकलं. बाहेरच्या माणसाला वस्ती हास्यास्पद दाखवायची असली की तिला एक राजा द्यावा, हे जुनं तंत्र आहे.

चांगली माणसंही आली, हे सांगायलाच हवं. मॅसॅच्युसेट्समधलं लेन कुटुंब उन्हाळ्यात शेजारच्या बेटावर यायचं. कॅप्टन जॉर्ज लेन आणि त्यांच्या पत्नी ल्युसी ही धार्मिक वृत्तीची माणसं. १९०६ मध्ये त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली, आधी मॅकेनीच्याच घरात. मग देणग्या गोळा केल्या आणि १९०८ मध्ये शाळेची स्वतंत्र इमारत उभी राहिली. मुलं वाचायला, लिहायला शिकली. आता यातली पंचाईत पाहा. देणगी मागायची तर दारिद्र्य दाखवावं लागतं. जितकं भयंकर दाखवाल तितकी पावती मोठी. शाळेसाठी मॅलगाचं नाव जितकं दूरवर गेलं, तितकं ते बेट म्हणजे राज्याच्या तोंडाला फासलेलं काळं, ही समजूतही पक्की होत गेली. लेन पतीपत्नींचा यात दोष काढवत नाही. पण झालं असं.

आता त्या काळाच्या शास्त्राकडे वळू, कारण दुसरा कागद तिथून आला.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी 'युजेनिक्स' हा शब्द काढला तो १८८३ साली. योगायोग असा की मेनने मिश्र लग्नांवरची बंदी उठवली तीही त्याच वर्षी. एक दार उघडलं आणि दुसरीकडे त्याहून भक्कम दार तयार होऊ लागलं. कल्पना थोडक्यात अशी: जनावरांची पैदास निवडून सुधारता येते, मग माणसांची का नको? चांगल्या 'रक्ता'च्या लोकांना जास्त मुलं व्हावीत असं पाहायचं, वाईट रक्ताच्यांना होऊ नयेत याचा बंदोबस्त करायचा. १९०० मध्ये मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग नव्याने प्रकाशात आले आणि या मंडळींच्या हाती शास्त्रीय भाषा आली. वाटाण्याचा सुरकुतलेपणा जसा पुढच्या पिढीत उतरतो, तशीच गरिबी, दारूबाजी, आळस, चोरी उतरते, असं ते सांगू लागले. ही उडी किती मोठी आणि किती निराधार आहे, ते आज शाळेतल्या पोरालाही समजावता येईल. तेव्हा मात्र विद्यापीठांतले प्राध्यापक, डॉक्टर, न्यायाधीश, सुधारक सगळे तिच्यात होते. मागासलेपणाच्या नाही, प्रगतीच्या बाजूचे लोक. इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९१० मध्ये हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने 'मोरॉन' हा नवा शब्द बनवला. वरून धडधाकट दिसणारा, बोलणारा चालणारा, पण आतून 'मंद' असा माणूस. हा शब्द फार सोयीचा होता. ज्याच्यात काही दोष दिसत नाही त्यालाही तो चिकटवता येत होता.

मेनमध्ये १९०८ साली न्यू ग्लॉस्टर इथे 'मंदबुद्धी' लोकांसाठी सरकारी संस्था सुरू झाली. नावात शाळा होती. मूळ हेतू लोकांना शिकवण्यापेक्षा त्यांना समाजापासून वेगळं ठेवण्याचा, आणि मुख्य म्हणजे त्यांना मुलं होऊ न देण्याचा. मॅलगासारख्या ठिकाणी मग सगळे धागे जुळून आले. गरीब आहेत. मिश्र आहेत. एकमेकांच्या नात्यात आहेत. या तीन गोष्टींवरून निदान आधीच झालेलं होतं, रोगी फक्त आणायचे बाकी होते.

जुलै १९११ मध्ये राज्यपाल फ्रेडरिक प्लेस्टेड आपल्या सल्लागार मंडळासह बेटावर येऊन गेले. त्यानंतर त्यांनी सांगितलं की या खोपट्या त्यांच्या घाणीसकट जाळून टाकाव्यात हे उत्तम. असल्या गोष्टी राज्याच्या पुढच्या दारापाशी असू नयेत, असंही ते म्हणाले. पुढचं दार हा शब्द महत्त्वाचा. गरिबी मेनमध्ये आत, जंगलातल्या वस्त्यांतही होती. पण तिकडे पाहुणे जात नव्हते.

तिसरा कागद जमिनीचा. बेटाचा मूळ मालक म्हणून पेरी घराण्याचं नाव होतं. पिढ्यान् पिढ्या त्या घरातलं कोणी तिथे राहिलं नव्हतं. आता वारस पुढे झाले, रहिवाशांना निघून जाण्याच्या नोटिसा गेल्या, आणि १९११ च्या डिसेंबरात राज्याने ते बेट त्यांच्याकडून ४७१ डॉलरला विकत घेतलं.

इथे वाचक विचारेल, चाळीस-पन्नास वर्षं राहिलेल्या माणसाला काहीच हक्क नसतो का? असतो. दीर्घकाळ उघडपणे, कोणाची परवानगी न घेता जमीन ताब्यात असेल तर ताबेदाराचा हक्क तयार होऊ शकतो, हे तत्त्व इंग्लिश कायद्यात जुनं आहे आणि मेनमध्ये त्याची मुदत वीस वर्षांची होती. पण हा हक्क घरबसल्या मिळत नाही. कोर्टात जाऊन, साक्षीपुरावे मांडून तो शाबीत करावा लागतो. म्हणजे वकील आला, फी आली, आणि न्यायाधीश आला, तोही रोजची वर्तमानपत्रं वाचणारा. शिवाय समोर आता पेरी घराणं राहिलं नव्हतं, राज्य सरकार होतं. ज्यांचे आश्रित म्हणून ही माणसं कागदोपत्री लागली होती, तेच त्यांचे जमीनमालक झाले आणि तेच त्यांना बाहेर काढणार होते.

त्याच महिन्यात एक डॉक्टर बेटावर आला. त्याच्या आणि सल्लागार मंडळातल्या एका सदस्याच्या सहीने आठ जणांना न्यू ग्लॉस्टरच्या संस्थेत पाठवण्यात आलं. त्यातले बहुतेक एकाच घरातले होते, आईबाप आणि मुलं. एका सहीत घर रिकामं. यातले काही जण तिथून कधीच बाहेर आले नाहीत.

बाकीच्यांना मुदत मिळाली १ जुलै १९१२ पर्यंत. काही घरांना थोडे पैसे दिले गेले. जायचं कुठे, हे कोणी सांगितलं नाही. आसपासच्या गावांना ही माणसं नको होती, हे तर वीस वर्षं चाललेल्या भांडणातून ठरलेलंच होतं.

मुदतीच्या दिवशी राज्याचा माणूस बेटावर उतरला. जाळायला घरंच नव्हती. लोकांनी ती स्वतःच उतरवली होती. फळ्या, दारं, खिडक्या सोडवून, होड्यांवर आणि तराफ्यांवर लादून ते निघून गेले होते. मला या सगळ्या प्रकरणातला हा दिवस सर्वांत जास्त आठवत राहतो. ज्यांना आळशी म्हणून महिनोन्महिने छापलं, त्यांनी दिलेल्या मुदतीच्या आत अख्खं गाव मोडून, वाहून नेलं होतं. शाळेची इमारतही जागेवर ठेवली नाही; तीही हलवून दूर लाउड्स बेटावर नेण्यात आली.

सगळ्यांनाच घर पुन्हा उभं करायला जागा मिळाली असं नाही. एका कुटुंबाने तरंगत्या तराफ्यावर घर ठेवलं आणि ते खाडीखाडीतून जागा शोधत फिरलं. जिथे नांगर टाकावा तिथून हाकलत. हिवाळ्यात त्या घरातली आई आजारी पडली. नवरा वादळात होडी मारत मदत आणायला गेला, परत आला तेव्हा ती गेलेली होती आणि मुलं तिच्याजवळ होती. ही हकिकत त्या घराण्यात आजही सांगतात.

बेट मोकळं झालं तरी राज्याचं काम संपलं नव्हतं. तिथे थडगी होती. ती उकरून सतरा जणांचे अवशेष बाहेर काढले, पाच पेट्यांमध्ये एकत्र भरले आणि न्यू ग्लॉस्टरला, त्याच मंदबुद्धी लोकांच्या संस्थेच्या दफनभूमीत नेऊन पुरले. यातल्या एकाही माणसाला जिवंतपणी कोणा डॉक्टरने तसा दाखला दिलेला नव्हता. तो त्यांना मेल्यावर, पत्त्याच्या रूपाने मिळाला.

पर्यटकांसाठीचं हॉटेल वगैरे पुढे काही झालं नाही. बेट तसंच पडून राहिलं. मेनने सक्तीच्या नसबंदीचा कायदा १९२५ मध्ये केला, आणि न्यू ग्लॉस्टरची संस्था नावं बदलत बदलत १९९६ पर्यंत चालली.

वंशजांनी काय केलं? गप्प बसले. त्या भागात 'मॅलगा' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. जे गोरे म्हणून खपून जाऊ शकत होते ते तसे खपून गेले, आडनावाबद्दल कोणी विचारलं तर विषय बदलला. आजी कुठली, हे नातवंडांना माहीत नसायचं. कागदांनी वस्ती उठवली ती एकदाच, पण ही गुप्तता तिला पुढची ऐंशी-नव्वद वर्षं उठवत राहिली.

मग एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला सदर्न मेन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदकाम केलं. तेव्हा त्या शिंपल्यांच्या थरांचा फायदा झाला. मेनची माती आम्लधर्मी, तिच्यात हाडं टिकत नाहीत. शिंपल्यातल्या चुन्यामुळे इथे ती टिकली होती. काय निघालं? माशांची हाडं, डुकराची हाडं, जाळ्याची शिसं, बटणं, चिलमी, खिळे, औषधाच्या बाटल्या, नक्षीच्या कपबश्यांचे तुकडे. म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही गरीब मासेमाराच्या परसात निघालं असतं ते. खोदकामात रानटीपणा काही सापडला नाही.

एप्रिल २०१० मध्ये मेनच्या विधिमंडळाने या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला. सप्टेंबरमध्ये राज्यपाल जॉन बाल्डाची बेटावर गेले आणि जमलेल्या वंशजांसमोर त्यांनी माफी मागितली. मराठीत दिलगिरी आणि माफी यांच्यातला फरक आपण चांगला ओळखतो. ठरावात पहिली होती, बेटावर दुसरी. वंशजांतले काही जण त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे पाय ठेवत होते, आणि काहींना आपण एकमेकांचे नातेवाईक आहोत हेही तिथेच कळलं.

बेट २००१ पासून किनारपट्टीच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या एका विश्वस्त संस्थेकडे आहे. होडी असेल तर कोणीही जाऊन एक चक्कर मारून येऊ शकतो. झाडी दाट झाली आहे. घरं कुठे होती ते उत्तर टोकाला पायाखाली पांढरे शिंपले लागले की समजतं. फिप्सबर्गचे मासेमार आपले शेवंडीचे पिंजरे हंगाम नसताना याच बेटावर आणून रचून ठेवतात.